बाथरूममधले मृत्यू : गॅस गळत नाही, तरी जीव का जातो?

थंडी पडू लागली की वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर एक बातमी हमखास दिसते. घरातले कोणीतरी आंघोळीला गेले, बराच वेळ बाहेर आले नाही, हाका मारल्या, शेवटी दार तोडले. आत माणूस बेशुद्ध किंवा मृत. जानेवारी २०२० मध्ये मुंबईत बोरिवलीला दहावीत शिकणारी एक मुलगी अशीच बाथरूममध्ये बेशुद्ध सापडली आणि काही दिवसांनी रुग्णालयात तिचा मृत्यू झाला. मार्च २०२३ मध्ये घाटकोपरला रंग खेळून आलेले पती-पत्नी बाथरूममध्ये मृतावस्थेत सापडले. त्याच सणाला दिल्लीजवळ मुरादनगरलाही एका जोडप्याचा असाच अंत झाला. दोन्ही ठिकाणी संशय गॅस गिझरवर गेला.

अशा बातमीच्या शेवटी बहुतेक वेळा एक वाक्य असते : ‘गॅस गिझरमधून वायुगळती झाल्याने गुदमरून मृत्यू झाल्याचा प्राथमिक अंदाज आहे.’ मला आज बोलायचे आहे ते या ‘वायुगळती’ शब्दाबद्दल. कारण ही बातमी वाचून घरोघरी लोक काय करतात? नळी तपासतात, रेग्युलेटर हुंगून बघतात, मेकॅनिकला बोलावून सांध्यांवर साबणाचे पाणी लावून घेतात. बुडबुडे आले नाहीत की निश्चिंत होतात. ‘डॉक्टर, आमच्याकडे कधी वास येत नाही,’ हे वाक्य मी अनेकदा ऐकले आहे.

वास येणारच नाही. स्वयंपाकाच्या गॅसला मुद्दाम उग्र वास दिलेला असतो. तो गळला तर शेजारच्या खोलीतही कळते. बाथरूममध्ये जीव घेणारा वायू वेगळाच आहे. तो सिलिंडरमध्ये नसतो, नळीतही नसतो. तो गिझरच्या ज्योतीत तयार होतो. त्याचे नाव कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही, त्याने डोळे चुरचुरत नाहीत की ठसका लागत नाही. म्हणजे नळी नवी, गिझर नामांकित कंपनीचा, गळती शून्य, आणि तरीही माणूस दगावू शकतो. चूक उपकरणात नसून ते कुठे टांगले आहे यात असते.

लहान खोली, मोठी ज्योत

गॅस गिझर दिसायला लहान असतो, म्हणून आपण त्याला शेगडीचा भाऊ समजतो. प्रत्यक्षात मिनिटाला सहा लिटर पाणी तापवणारा गिझर स्वयंपाकाच्या चार-पाच मोठ्या बर्नरइतका गॅस एकाच वेळी जाळतो. तासभर सलग चालवला तर साधारण एक किलो. आता तुमच्या बाथरूमचा हिशेब करू. चार फूट बाय सहा फूट जागा, आठ फूट उंची; आत हवा साधारण साडेपाच घनमीटर. एक किलो गॅस पूर्ण जळायला सुमारे तेरा घनमीटर हवा लागते. दार-खिडकी बंद असेल तर पाच मिनिटांत खोलीतला सुमारे एकपंचमांश ऑक्सिजन ज्योतीने खाल्लेला असतो. केस धुवायचे असतील, किंवा धुळवडीचा रंग घासून काढायचा असेल, तर आंघोळ पाच मिनिटांत आटोपत नाही.

ऑक्सिजन कमी पडला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ लागतो. शिवाय ज्योतीतून निघालेला कार्बन डायऑक्साइड आणि वाफही त्याच कोंडलेल्या खोलीत साठत असते. हा प्रश्न सिलिंडरपुरता नाही. पाइपने येणाऱ्या गॅसवर गिझर चालवत असाल तरी ज्योतीला हवा तेवढीच लागते. पाइपचा गॅस ‘सेफ’ असतो हे गळतीपुरते काही अंशी खरे, कारण तो हवेपेक्षा हलका असतो आणि उघड्या जागेत वर निघून जातो. पण ज्वलनाच्या बाबतीत दोन्ही सारखेच.

शरीरात काय होते

रक्तातले हिमोग्लोबिन फुप्फुसातून ऑक्सिजन उचलते आणि मेंदू, हृदय यांना पोचवते. कार्बन मोनॉक्साइड या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटीने घट्ट चिकटतो. म्हणजे हवेत तो थोडासा असला तरी रक्तातल्या बऱ्याच जागा तोच अडवून बसतो. श्वास चालू असतो, छाती वरखाली होत असते, गुदमरल्यासारखे वाटतही नाही, पण मेंदूपर्यंत ऑक्सिजन पोचत नाही.

सुरुवातीला डोके जड होते, मळमळते, चक्कर येते. आपण म्हणतो, पित्त झाले असेल, रिकाम्या पोटी गरम पाणी घेतले म्हणून असेल. मग पायातली ताकद जाते. इथे एक क्रूर गोष्ट घडते : बाहेर पडायला हवे हे कळेपर्यंत कडी काढण्याइतके बळ उरलेले नसते. लहान मुलांचा श्वास जलद चालतो, त्यामुळे त्यांच्या रक्तात हा वायू लवकर भरतो. गर्भवतीच्या बाबतीत आई सावरली असे वाटले तरी पोटातल्या बाळाच्या रक्तातून तो उशिरा बाहेर पडतो. हृदयविकार किंवा रक्तक्षय असलेल्यांना थोडी मात्राही बाधते.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एका तरुणीला घेऊन तिचे आई-वडील आले होते. दोन महिन्यांत ती तीन वेळा बाथरूममध्ये पडली होती, एकदा हातपाय झटकले होते. मेंदूचा एमआरआय झाला होता, ईईजी झाला होता, दोन्ही नॉर्मल. तरी फिट्सच्या गोळ्या सुरू होत्या आणि घरात लग्नाची बोलणी थांबली होती. तिन्ही घटना सकाळच्या, तिन्ही आंघोळीच्या वेळी, आणि तिन्ही नोव्हेंबरनंतरच्या. गिझर कुठे आहे, हा प्रश्न तोवर तिला कोणीही विचारला नव्हता. तो बाथरूममध्येच होता, तिच्या डोक्यापासून हातभर अंतरावर, आणि थंडी येते म्हणून झरोक्याला पुठ्ठा लावलेला होता. गिझर बाहेर हलवला. गोळ्या टप्प्याटप्प्याने बंद केल्या. त्यानंतर ती पडली नाही.

वैद्यकीय नियतकालिकांत या प्रकाराला ‘गॅस गिझर सिंड्रोम’ असे नावही मिळाले आहे. डोक्यावर गरम पाणी ओतल्याने येणाऱ्या फिट्स हा एक स्वतंत्र आजार आहे, तो दक्षिण भारतात जास्त दिसतो, आणि त्याच्याशी गल्लत होऊ शकते. म्हणून हा दोष मी फक्त घरच्यांना देणार नाही. आम्ही डॉक्टरही विचारायला विसरतो. बाथरूममध्ये कोणी पडले आणि तुमच्याकडे गॅस गिझर असेल, तर डॉक्टरांनी विचारण्याची वाट बघू नका, तुम्हीच सांगा.

मग गिझर लावायचा कुठे?

बाथरूमच्या बाहेर. ही अट सैल करायला जागा नाही. उपकरणाच्या माहितीपत्रकात ही सूचना सहसा छापलेली असते, आणि ते पत्रक बहुतेक घरांत खोक्याबरोबर रद्दीत जाते.

सगळ्यात चांगली जागा म्हणजे उघडी गॅलरी किंवा बाहेरची भिंत, जिथे वारा खेळतो पण सोसाट्याचा झोत आणि पाऊस थेट ज्योतीवर येत नाही. गरम पाणी पाइपने बाथरूममध्ये न्यायचे. पाइप पाच-सात फूट लांबला तर पहिले थोडे पाणी गार येईल, एवढेच. मात्र ‘गॅलरी’ म्हणताना ती खरोखर गॅलरी आहे का ते पाहा. आपल्याकडे गॅलरीला सरकत्या काचा लावून घेतल्या की ती खोलीच होते. थंडीत त्या काचा बंद, आत गिझर आणि शेजारी कपड्यांची दोरी. बाथरूमचा धोका तिथे फक्त जागा बदलून येतो. गॅलरी बंदिस्त असेल तर गिझरजवळची एक काच कायमची काढून तिथे जाळी बसवा. बंद करता येईल अशी काच थंडीत कोणीतरी बंद करतेच. गिझरच्या अगदी वर किंवा शेजारी बेडरूमची खिडकी नको, जळालेला वायू तिथून आत येतो.

डक्टचे काय? अनेक इमारतींत बाथरूमच्या मागे पाइपांसाठी अरुंद डक्ट असते आणि प्लंबर तीच जागा सुचवतो. डक्ट वर आकाशापर्यंत उघडी आणि रुंद असेल तर बाथरूमपेक्षा बरी. पण वरच्या गच्चीवर पत्रा टाकून ती झाकलेली असते, हे गच्चीवर जाऊन बघितल्याशिवाय कळत नाही. मग खालच्या मजल्यावरचा जळालेला वायू वरच्यांच्या झरोक्यातून आत शिरतो. आपला गिझर दुसऱ्याच्या बाथरूममध्ये सोडल्यासारखे हे झाले. सोसायटीच्या बैठकीत पार्किंगवर तासभर भांडण होते, त्यात पाच मिनिटे या विषयालाही द्यायला हरकत नाही.

स्वयंपाकघर ही मधली वाट. खोली मोठी असते, खिडकी असते, गॅसची जोडणीही तिथेच असते. पण खिडकी उघडी राहणार असेल आणि ताजी हवा खालून यायला फट असेल तरच. आणि शक्यतो धुराडे असलेला गिझर घ्या. जळालेला वायू पाइपने थेट बाहेर सोडणारे प्रकार बाजारात आहेत. आपण दोन-तीन हजार वाचवण्यासाठी बिनधुराड्याचा घेतो. धुराडे कंपनीने सांगितलेल्याच व्यासाचे हवे, वळणे कमीत कमी, आणि त्याचे तोंड मोकळ्या हवेत उघडायला हवे. फॉल्स सीलिंगच्या पोकळीत किंवा बंद डक्टमध्ये सोडलेले धुराडे हे धुराडे नव्हेच.

इथे एक्झॉस्ट फॅनबद्दल थोडे बोलायला हवे, कारण ‘आमच्याकडे पंखा आहे’ हे उत्तर फार वेळा मिळते. पंखा हवा बाहेर फेकतो, पण तितकीच हवा आत यायला वाट लागते. दार घट्ट लागणारे, खाली फट नाही, खिडकी बंद. अशा खोलीत पंखा नुसता घरघरतो. त्याहून वाईट म्हणजे गिझर धुराड्याचा असेल तर हा पंखा कधी कधी धुराड्यातूनच हवा ओढतो आणि बाहेर जाणारा वायू उलटा आत येतो. शिवाय वीज गेली की पंखा थांबतो, गिझर मात्र थांबत नाही, कारण त्याची ठिणगी बॅटरीच्या सेलवर पडते. वीज नसतानाही चालतो, हा गॅस गिझरचा गुण म्हणून सांगितला जातो. इथे तोच घात करतो.

दुकानदार आणखी दोन गोष्टी सांगेल. एक, ‘ऑक्सिजन कमी झाला की गिझर आपोआप बंद होतो.’ काही मॉडेलमध्ये अशी सोय असते आणि ती असावीही. पण ती कार्बन मोनॉक्साइड मोजत नाही. बर्नरमध्ये जळमटे किंवा काजळी साचली असेल तर पुरेशा ऑक्सिजनमध्येही हा वायू तयार होतो. दोन, ‘वीस मिनिटांनी टायमर बंद करतो.’ वरचा हिशेब पुन्हा बघा. बंद बाथरूममध्ये वीस मिनिटे फार झाली. या सोयी चुकीच्या जागेला बरोबर ठरवत नाहीत.

गॅसच्या जोडणीबद्दल थोडक्यात. सिलिंडर उभाच ठेवायचा, बाथरूममध्ये कधीच नाही. आयएसआय मार्क असलेली सुरक्षा नळीच वापरायची, ती दीड मीटरपेक्षा लांब नको, मध्ये सांधा नको, भिंतीच्या आतून नेलेली नको, आणि पाच वर्षांनी बदलायची. शेगडीच्या नळीला टी जोडून दुसरी फांदी काढणे हा आपल्याकडचा आवडता जुगाड आहे, तो टाळा. जोडणी गॅस एजन्सीच्या माणसाकडून करून घ्या. थंडी सुरू होण्याआधी वर्षातून एकदा बर्नर साफ करून घ्या. ज्योत निळी हवी. पिवळी, नाचरी ज्योत किंवा गिझरवर काजळी दिसली तर त्या दिवसापासून वापर बंद.

बातम्या येतात, पण जागा बदलत नाही

जागा बदलत का नाही याचे कारण लोकांचे अज्ञान एवढेच नाही. नीट पाहिले तर गिझरची जागा विकत घेणारा ठरवतच नाही. आधीचा विजेचा गिझर जिथे होता तिथे गरम पाण्याचा पाइप तयार असतो, आणि प्लंबर नवा गॅस गिझर त्याच खिळ्याला टांगतो. बाहेर लावायचा तर भिंत फोडा, पाइप वाढवा, टाइल्सची जोड लावा. भाड्याच्या घरात मालक फोडायला देत नाही. दुकानदार विकतो, कंपनी पत्रकात सूचना छापते, एजन्सी शेगडीची नळी तपासते. पण भिंतीवर कुठे टांगला हे बघणारा कोणीच नाही. विजेचे बिल वाचते म्हणून गिझर येतो आणि वाचलेल्या पैशातला थोडाही भाग जागेवर खर्च होत नाही.

घरेही बदलली. जुन्या चाळीत मोरीला वरपर्यंत दार नसे, वाड्यात न्हाणीघर अंगणाच्या कडेला असे आणि बंब तर बाहेरच पेटवत. आता बेडरूमला चिकटलेले बाथरूम, घट्ट बसणारे पीव्हीसी दार, काचेच्या पट्ट्यांऐवजी सरकती खिडकी. वारा अडवण्यात आपण तरबेज झालो आणि ज्योत मात्र आत आणली.

यावर इलाज नाही असे नाही. चीनमध्येही असे मृत्यू होत होते. तिथे आंघोळीच्या पाण्यासाठीचे, जळालेला वायू खोलीतच सोडणारे बिनधुराड्याचे गिझर बनवायला १९९९ मध्ये आणि विकायला २००० मध्ये बंदी घातली गेली. आपल्याकडे घरगुती गॅस गिझरसाठी भारतीय मानक आहे, तेव्हा घेताना आयएसआय चिन्ह जरूर बघा. पण ते चिन्ह उपकरणाचे असते, जागेचे नाही. बसवणाऱ्याने जागेचा फोटो काढून एजन्सीकडे किंवा कंपनीकडे दिल्याशिवाय वॉरंटी सुरू होऊ नये, एवढा एक साधा नियम केला तरी बराच फरक पडेल, असे माझे मत आहे.

उद्या सकाळी काय कराल?

‘गिझर आतच आहे, घर भाड्याचे आहे, या महिन्यात हलवता येणार नाही.’ अशी परिस्थिती असलेली घरे बरीच आहेत, त्यांच्यासाठी हे सांगतो. दार आणि खिडकी उघडी ठेवून आधी बादल्या भरून घ्या. गिझर बंद करा. गॅसचा कॉक बंद करा. पाच मिनिटे हवा खेळू द्या आणि मगच आत जाऊन दार लावा. गिझर चालू ठेवून शॉवर घ्यायचा नाही. एकापाठोपाठ एक चौघांनी आंघोळ करायची नाही. पहिल्याने सोडलेला वायू चौथ्याच्या वाट्याला येतो, आणि चौथे बहुतेक वेळा घरातले लहान मूल किंवा सगळ्यांचे आवरून उशिरा जाणारी आई असते. कडी अशी लावा की ती बाहेरून उघडता येईल. हा तात्पुरता उपाय आहे. हलवणे जमणारच नसेल तर विजेचा गिझर किंवा चांगल्या दर्जाचा रॉड आणि अर्थिंग बरे. त्यांचे धोके वेगळे आहेत, पण त्यांत हा वायू नाही.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बॅटरीवर चालतो आणि ऑनलाइन मिळतो. घेताना ‘ईएन ५०२९१’ हे मानक लिहिलेले बघा. तो वाफेच्या बाथरूममध्ये न लावता दाराबाहेर किंवा शेजारच्या खोलीत लावा.

कोणी आत पडलेच तर आधी दार-खिडक्या सताड उघडा, श्वास रोखून गिझर बंद करा आणि माणसाला ओढत मोकळ्या हवेत आणा. तोंडावर पाणी मारत, कांदा हुंगवत तिथेच बसू नका. असे करताना वाचवणाराही कोसळू शकतो. १०८ ला फोन करा. श्वास थांबला असेल आणि तुम्हाला येत असेल तर सीपीआर सुरू करा. गॅसचा वास येत असेल तर विजेचे बटण चालू-बंद करू नका. त्यासाठी १९०६ हा क्रमांक आहे.

रुग्णालयात पहिल्याच वाक्यात सांगा : ‘बाथरूममध्ये गॅस गिझर चालू होता.’ हे का महत्त्वाचे? बोटाला लावायचा साधा ऑक्सिमीटर इथे फसतो. त्याला ऑक्सिजन चिकटलेले रक्त आणि कार्बन मोनॉक्साइड चिकटलेले रक्त यांतला फरक ओळखता येत नाही, म्हणून तो ९८, ९९ असे छान आकडे दाखवतो. खरी तपासणी रक्तातल्या कार्बॉक्सिहिमोग्लोबिनची असते. उपचार म्हणजे मास्कने शंभर टक्के ऑक्सिजन, लगेच. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, शंभर टक्के ऑक्सिजनवर साधारण तास-दीड तास. बेशुद्धी, छातीत दुखणे किंवा गर्भारपण असेल तर जास्त दाबाखाली ऑक्सिजन देणाऱ्या केंद्रात हलवायचे का, याचा निर्णय डॉक्टर घेतात. वाटेत ऑक्सिजन दिलेला असेल आणि रक्त उशिरा घेतले असेल तर रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो. म्हणून नुसत्या रिपोर्टवर ‘काही झाले नव्हते’ असे ठरवू नये. त्याच सकाळी त्याच बाथरूममध्ये आधी आंघोळ केलेल्या सगळ्यांना डोके दुखते का, मळमळते का, तेही विचारा आणि त्यांनाही तपासून घ्या.

घरी आल्यावर पुढचे पाच-सहा आठवडे लक्ष ठेवा. काही जण शुद्धीवर येतात, चालतात-बोलतात, आणि दोन-तीन आठवड्यांनी विसरू लागतात, चिडचिडे होतात, चाल संथ होते, हातपाय ताठरतात. याला उशिरा होणारी मेंदूची इजा म्हणतात. ‘धक्का बसलाय, होईल ठीक’ असे म्हणत थांबू नका, मेंदूविकारतज्ज्ञांकडे पुन्हा जा. आणि तोवर तो गिझर, दुरुस्त केलेला असला तरी, त्याच खिळ्यावर पेटवू नका.